जनुक पेशीत पोचवायचंय, तर एम.एस्सी. कुठून करावी?

पत्र: माझी मुलगी बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी करते, टीवाय नुकतंच सुरू झालंय. सीजीपीए साडेआठच्या आसपास. आम्ही डोंबिवलीला राहतो. कॅन्सरच्या पेशींत जनुक पोचवणारी औषधं निघाली आहेत, त्यावरच संशोधन करायचं असं तिनं ठरवलंय. एका खासगी संस्थेत ‘कॅन्सर बायोलॉजी’ नावाचं एम.एस्सी. आहे. फी वर्षाला साडेतीन लाख, आत्ताच सीट बुक केली तर सवलत. तिचे बाबा म्हणतात, एवढे पैसे घालायचे तर एमबीए काय वाईट? माझे प्रश्न असे: डॉक्टर न होता हे काम करता येतं का? पीएच.डी. करावीच लागते का? आणि हातात पैसे कधी येणार? – एक आई, डोंबिवली

उत्तर:

ताई, सवलतीच्या नादानं आज पैसे भरू नका. त्या संस्थेत मुलीला घेऊन जा आणि सेल कल्चरची, म्हणजे पेशी वाढवायची खोली दाखवा म्हणून सांगा. कार्बन डायऑक्साइडचे इन्क्युबेटर किती आणि ते किती मुलांत वाटले जातात ते बघा. गेल्या वर्षीच्या प्रबंधांची यादी मागा आणि प्रत्येक प्रबंधाचं काम कुठे झालं ते विचारा. ‘प्रोजेक्ट विद्यार्थ्यानं बाहेर शोधायचा’ असं उत्तर आलं, तर सात लाख रुपये तुम्ही वर्गातल्या बाकाचे देणार आहात. पीएच.डी.च्या मुलाखतीला कोर्सच्या नावाबद्दल कुणी काही विचारत नाही. प्रबंधावर मात्र अर्धा तास खोदून विचारतात: हा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, का घेतला, तो का नाही, हा आकडा किती वेळा मिळाला.

डॉक्टर असण्याची गरज नाही. रुग्णाला औषध देणं आणि चाचण्या चालवणं हे डॉक्टरांचं काम. औषध घडवणारे लोक जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि बायोप्रोसेस इंजिनिअरिंगमधून येतात. उदाहरण मुंबईतलंच आहे. नेक्सकार-१९ ही भारतातली पहिली कार-टी (रुग्णाच्याच टी पेशींत जनुक घालून त्यांना कॅन्सरवर सोडण्याची) उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत ती सुरू झाली. अमेरिकेत २०१७ साली पहिली कार-टी आली तेव्हा तिची किंमत ४,७५,००० डॉलर होती, इथली त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात बसते. हा फरक काही एका चमकदार शोधातून आलेला नाही. जनुक पेशीत नेणारा लेंटिव्हायरस इथेच बनवणं, पेशी इथेच वाढवणं, अशा कारखानी कौशल्याचा त्यात मोठा वाटा आहे. तुमच्या मुलीला बाबांशी वाद घालायचाच असेल, तर हा मुद्दा तिच्या कामी येईल.

आता विषयाची खरी गाठ. आज जनुक बनवणं फार अवघड राहिलेलं नाही, हवा तो क्रम कंपनीला कळवला की कुरिअरनं घरपोच येतो. अडतं ते पोचवण्यावर. डीएनए ऋणभारित, पेशीच्या आवरणाचा पृष्ठभागही ऋणभारित, म्हणजे एकमेकांना ढकलणारे. शिवाय रक्तात त्याचे तुकडे करणारी एन्झाइम टपलेली. म्हणून वाहन लागतं, आणि प्रत्येक वाहनाची एक खोड असते. एएव्ही हा विषाणू सुरक्षित मानला जातो, पण त्यात जेमतेम ४.७ किलोबेस (एक किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरं) मावतात. डिस्ट्रॉफिनसारख्या जनुकाचा नुसता प्रथिनाचा भाग ११ किलोबेसच्या वर जातो, मग त्याची काटछाट करून छोटी आवृत्ती भरावी लागते. लेंटिव्हायरसमध्ये आठ-नऊ किलोबेस बसतात आणि तो जनुक थेट गुणसूत्रात घुसवतो. पण नेमका कुठे घुसवेल हे आपल्या हातात नसतं. त्याच्याच कुळातला जुना रेट्रोव्हायरस वापरलेल्या फ्रान्समधल्या चाचणीत काही मुलांना ल्युकेमिया झाला, कारण घातलेलं जनुक पेशींच्या वाढीशी संबंधित एलएमओ-२ या जनुकाजवळ जाऊन बसलं होतं. आजचे वाहक या धड्यानंतर बदलले आहेत.

तिसरं वाहन लिपिडच्या, म्हणजे मेदासारख्या रेणूंच्या, नॅनोकणांचं. २०१८ साली मंजूर झालेलं पॅटिसिरान हे आरएनएचं औषध त्यातूनच जातं. चार घटक: आयनीकरण होणारं लिपिड, कोलेस्टेरॉल, फॉस्फोलिपिड आणि पेग जोडलेलं लिपिड, साधारण ५०, ३८.५, १० आणि १.५ या मोल प्रमाणात. हे कण शिरेतून दिले की बहुतांश यकृतात जातात. पेशीत शिरल्यावरही एंडोसोम नावाच्या पिशवीत अडकतात, आणि त्यातून सुटून पेशीद्रवात पोचणारा आरएनए एक-दोन टक्क्यांच्याच घरात असतो. यकृताचा आजार असेल तर पहिली अडचण वरदान ठरते. फुप्फुसातली किंवा स्वादुपिंडातली गाठ असेल तर मोठी पंचाईत. कार-टीनं ही पंचाईत वळसा घालून टाळली: टी पेशीच शरीराबाहेर काढायच्या, बशीत त्यांच्यात जनुक घालायचं आणि परत सोडायच्या. घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये मात्र तेवढ्यानं भागत नाही. मुलीला संशोधनाचा प्रश्न हवा असेल तर तो इथे पडलेला आहे.

वाचताना हे सगळं रोमांचक वाटतं. प्रत्यक्ष आठवडा कसा जातो तेही तिला माहीत हवं. लेंटिव्हायरस बनवायचा तर संध्याकाळी एचईके २९३टी या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी बशीत पसरायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ७० ते ८० टक्के तळ व्यापला की चार प्लाझ्मिडं (डीएनएची गोल कडी) पीईआय या डीएनए पेशीत नेणाऱ्या रसायनात मिसळून घालायची, एक मायक्रोग्राम डीएनएला तीन मायक्रोग्राम पीईआय हे सुरुवातीचं प्रमाण. काही तासांनी माध्यम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलायचं. ४८ आणि ७२ तासांनी वरचं द्रव गोळा करायचं, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांत ठेवायचं. ०.२२ चा फिल्टर घेतला तर बराच विषाणू त्यातच वाया जाऊ शकतो. एकच मोठी नळी भरून ती पुन्हापुन्हा वितळवली तर निम्माअर्धा विषाणू वायाच गेला म्हणून समजा. हिशेब घड्याळाचा आहे, वारांचा नाही. शुक्रवारी प्लाझ्मिड घातलं की रविवारी गोळा करायला जावंच लागतं, आणि मेगाब्लॉकचं वेळापत्रक पेशींना कळत नाही. म्हणून ही माणसं सोमवारी पेशी पसरतात आणि मंगळवारी प्लाझ्मिड घालतात.

बिघडतं कुठे? पुष्कळदा पहिल्याच पायरीवर. लेंटिव्हायरसच्या प्लाझ्मिडमध्ये दोन टोकांना सारखे तुकडे असतात, साध्या जिवाणूत ते आपसात जुळून मधला भाग गाळून टाकतात. त्यासाठी स्टेबल-थ्रीसारखा खास जिवाणू घेतात, वाढवतात ३० अंशांना, आणि दर नव्या तयारीनंतर प्लाझ्मिड एन्झाइमनं कापून तुकड्यांच्या पट्ट्या तपासतात. दुसरा चोर मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, पेशीभित्तिका नसल्यानं पेनिसिलिनला दाद देत नाही. पेशी नुसत्या मंद वाढतात आणि तीन महिन्यांचे निकाल कुणाशीच जुळत नाहीत. त्यासाठी दर महिन्याला पीसीआर (डीएनए शोधणारी चाचणी) करणारी लॅब आणि ‘आमच्याकडे कधी झालं नाही’ म्हणणारी लॅब, यातली पहिली निवडावी.

कॅन्सरच्या औषधांच्या बाजूबद्दलही एक सांगतो, कारण बी.एस्सी.चे प्रकल्प बहुतेक तिथेच घसरतात. अमुक पानाचा अर्क, तमुक पेशी, एमटीटी चाचणी, आणि निष्कर्ष ‘कॅन्सरविरोधी गुण आढळले’. एमटीटीत जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळं फॉर्माझान करतात आणि ५७० नॅनोमीटरला ते मोजतात. पण पॉलिफेनॉल असलेले बरेच अर्क पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करतात, शिवाय अर्काला स्वतःचा रंग असतोच. म्हणून फक्त माध्यम, अर्क आणि एमटीटी असलेली, पेशी नसलेली विहीर, म्हणजे प्लेटमधला खळगा, ठेवावीच लागते. अर्क विरघळवणारा डीएमएसओ प्रत्येक विहिरीत सारखा आणि शक्यतो अर्ध्या टक्क्याच्या आत. ९६ विहिरींच्या प्लेटच्या कडेच्या विहिरींतलं पाणी आधी उडतं, तिथे औषध न घालता नुसतं बफर भरावं. आणि निरोगी पेशींवर तीच मात्रा घालून पाहिलेली नसेल, तर कॅन्सरच्या पेशी मेल्या याला फारसा अर्थ नाही, त्या फिनाईलनंही मरतात. टीवायचा प्रोजेक्ट याच जातीचा असेल तर विषय बदलायला नको. एवढे कंट्रोल घातले की मुलाखतीत तोच प्रोजेक्ट उजवा ठरेल.

आता वाट. एम.एस्सी.साठी तिनं जॅम या आयआयटींच्या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर द्यावा. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. पवईच्या आयआयटीतल्या एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीचा प्रवेश याच परीक्षेतून होतो. त्या पेपरात गणित, भौतिक आणि रसायनही असतं, आणि बायोटेकची मुलं तिथेच मार खातात, तेव्हा बारावीची पुस्तकं माळ्यावरून खाली काढा. जोडीला गॅट-बी ही प्रवेश परीक्षा द्यावी, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं चालणाऱ्या अभ्यासक्रमांना ती लागते. कलिन्याला विद्यापीठाचे जीवशास्त्र आणि बायोटेक्नॉलॉजीचे विभाग आहेत, तेही यादीत असू द्या.

पीएच.डी. करावीच लागते का, हे तिला कुठे उभं राहायचंय त्यावर आहे. वाहक विषाणू बनवणं, त्याची प्रत तपासणं, बॅचच्या नोंदी, नियामक खात्याची कागदपत्रं, ही कामं एम.एस्सी. किंवा एम.टेक.वर मिळतात. महापे-रबाळे पट्ट्यात अशा कंपन्या आहेत आणि माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतलं बायोप्रोसेसचं शिक्षण त्यांना जवळचं वाटतं. पण कोणता प्रश्न हाती घ्यायचा हे ठरवणाऱ्या खुर्चीसाठी पीएच.डी. लागतेच. त्यासाठी खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र), कुलाब्याचं टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), पवईची आयआयटी आणि परळचं एनआयआरआरसीएच (प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था) ही घराजवळची नावं. खारघरची पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची असते. टीआयएफआरची प्रवेश परीक्षा वेगळी, बाकी बऱ्याच ठिकाणी सीएसआयआर-यूजीसी नेट चालते.

पैशांचं: नेटची जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. म्हणजे साधारण चोविसाव्या वर्षी ती स्वतःच्या पायावर उभी राहते, श्रीमंत मात्र होत नाही. पीएच.डी. संपायला पाच-सहा वर्षं, नंतर बहुतेकांना दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधन. तिशी उलटेपर्यंत पक्की नोकरी नसेल, हे आजच घरात मोकळेपणानं बोलून घ्या, विशेषतः लग्नाचा विषय निघण्याआधी. फेलोशिप दर एक तारखेला जमा होतेच असंही नाही, कधी काही महिन्यांची एकदम येते. सात लाख हाताशी असतील तर त्यातले सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवा. एमबीए एम.एस्सी.नंतरही करता येतं, औषध कंपन्यांना विज्ञान कळणारी माणसं त्या बाजूलाही हवी असतात. उलट्या क्रमानं मात्र लॅबमध्ये परतणं जवळपास अशक्य.

शेवटचं काम या आठवड्यातलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने खऱ्या लॅबमध्ये काढता आले, तर हे काम झेपतं का हे तिचं तिलाच कळेल. तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी फेलोशिप असते, पात्रता तपासून तिचा अर्ज करावा. त्याशिवाय दहा-बारा प्राध्यापकांना स्वतंत्र ईमेल लिहावी. एकच मजकूर सगळ्यांना पाठवला की तो लगेच ओळखू येतो. प्रत्येकाचा एक शोधनिबंध वाचून त्यातली न कळलेली एक आकृती नेमकी विचारावी, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत ते सांगावं, आणि पीसीआर स्वतः केला की नुसता पाहिला ते खरं लिहावं. खारघरला होकार आला तर डोंबिवलीहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी, पुढे बस किंवा रिक्षा. एका वेळचे पावणेदोन तास धरा आणि संध्याकाळी किती वाजता निघता येईल हे गाइडना पहिल्याच दिवशी विचारायला सांगा. ईमेलला मार्कशीट जोडावी, फोटो नको.