आधी कांगारू, मग बारामंडी

प्रश्न : भीमबेटकाची चित्रं पाहून आलो. गेंडा दाखवत गाइड म्हणाला, 'म्हणजे तेव्हा इथे भरपूर पाऊस होता.' ऑस्ट्रेलियातही आदिवासींच्या चित्रांवरून जुनं हवामान ओळखतात म्हणे. हे कितपत खरं?
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : गाइडने घाई केली. एकट्या प्राण्यावरून पाऊस ठरत नाही. चित्रांचा क्रम आणि तिथल्या गाळातला पुरावा जुळला, तरच बोलावं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला काकाडूमध्ये तो जुळला आहे. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, टास्मानिया ही सलग जमीन. काकाडू समुद्रापासून खूप आत. बर्फ वितळलं, आणि प्रदेश सपाट असल्याने किनारा झपाट्याने आत सरकला. साउथ ॲलिगेटर नदीकाठच्या गाळात सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या अफाट खारफुटीच्या खुणा मिळतात. खडकावरही तेच दिसतं. जुन्या चित्रांत कांगारूसारखे जमिनीवरचे प्राणी आहेत, नंतरच्यांत बारामंडी मासा आणि खाडीतली मगर. अलीकडच्या दीड-दोन हजार वर्षांत गोड्या पाण्याची तळी झाली, तेव्हा मॅगपाय गूज पक्षी आले आणि माणसांच्या हातात त्यांच्या पिसांचे पंखे दिसू लागले. ताटातलं बदललं, तसं हातातलंही.

वयाचं काम मात्र किचकट. गेरूत कार्बन नसतो, म्हणून रेडिओकार्बन पद्धत थेट लागू होत नाही. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात त्यासाठी कुंभारमाशीची घरटी कामी आली. त्यांच्या मातीत कोळशाचे कण अडकलेले असतात, आणि कोळशात कार्बन असल्याने त्याचं वय काढता येतं. चित्राखालच्या घरट्याहून चित्र नवं, चित्रावरच्या घरट्याहून जुनं. दोन मीटर लांबीच्या एका कांगारूखाली तीन आणि वर तीन घरटी मिळाली. त्यावरून त्याचं वय १७,५०० ते १७,१०० वर्षं निघालं. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. पण घरट्यात जुन्या वणव्याचा कोळसा आला, तर वय फुगतं. एकाच घरट्यावर विसंबणं म्हणूनच धोक्याचं.

भीमबेटकाचे निवारे १९५७ मध्ये उजेडात आणणाऱ्या वि. श्री. वाकणकरांनीही चित्रांवर चढलेली चित्रं पाहूनच क्रम लावला. पुन्हा गेलात तर गेंड्याची रेषा दुसऱ्या चित्राखाली जाते की त्यावरून, ते पाहा. घोडेस्वार दिसले तर ते बऱ्याच नंतरचे. रंग उजळावा म्हणून पाणी मारू नका. त्याने रंग सुटतो आणि वरखाली ओळखणंच अवघड होतं.