अडीच वर्षांचा खोटा अनुभव नको, तर मग काय?

प्रश्न : मी डोंबिवलीत राहतो. २०२३ मध्ये बीएस्सी आयटी झालो. सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्सही केला, पण जिथे जावं तिथे अनुभव मागतात. मधले आठ महिने मामांच्या मेडिकलमध्ये बिलिंग आणि स्टॉक सांभाळला. आता ठाण्यातला एक एजंट ८० हजारांत अडीच वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर, सॅलरी स्लिपा आणि पीएफसुद्धा करून देतो म्हणतोय. बाबा भिशीचे पैसे द्यायला तयार आहेत. मित्र म्हणतात, सगळेच करतात. माझं मन घेत नाही. मी उगाच ताणतोय का?

उत्तर : नाही, उगाच ताणत नाहीयेस. मन घेत नाही, एवढं कारण ‘नाही’ म्हणायला पुरेसं आहे. पण घरी फक्त तेवढं सांगून भागणार नाही, म्हणून या व्यवहारात पुढे काय होतं ते नीट समजून घे.

एजंटाच्या जाहिरातीत ‘पीएफसकट’ हा शब्द सगळ्यात जास्त भुरळ घालतो. कागदोपत्री असलेल्या एखाद्या कंपनीच्या नावाने तो तुझ्याच पैशातून वर्गणी भरतो. आता पीएफची रीत बघ. प्रत्येक महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. खरी नोकरी असली की पासबुकात दर महिन्याला एक नोंद पडत जाते. मागच्या अडीच वर्षांची वर्गणी आज एकगठ्ठा भरली, तर भरणा कधी झाला ते लपत नाही. शिवाय नव्या कंपनीतर्फे अनुभवाची पडताळणी करणारे बँकेचं स्टेटमेंट मागतात, आणि त्यात पगार जमा झालेला दिसत नाही. वीसपेक्षा कमी माणसांच्या छोट्या कंपनीत पीएफ नसू शकतो, पण पगार कुठे ना कुठे दिसतोच.

ही पडताळणी बऱ्याचदा रुजू झाल्यावर होते. त्यामुळे ‘माझं तर निघून गेलं’ म्हणणारा मित्र अजून सुटलेला नसतो. मुंबईत आयटीचं बरंच काम बँका आणि विमा कंपन्यांचं असतं. त्यांच्या प्रोजेक्टवर जाताना कागद पुन्हा तपासले जाऊ शकतात. पुढची नोकरी बदलताना तोच बायोडाटा, तीच तारीख, तोच खोटा मॅनेजर परत सांगावा लागतो. आणि ‘पत्र एजंटाने बनवलं, मी फक्त जोडलं’ हा बचाव चालत नाही. खोटा कागद खोटा आहे हे माहीत असून खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा आहे, आणि शिक्षा तो बनवणाऱ्याइतकीच.

पण समजा, पकडला गेला नाहीस. तरी मला जास्त काळजी पहिल्या सोमवारची वाटते. फ्रेशरला शिकवतात, चुका सांभाळून घेतात. अडीच वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याच्या हातात थेट चालू प्रोजेक्ट देतात, आणि त्याला शेजारच्याला साधी शंकाही विचारता येत नाही. मग असे एजंट दरमहा पैसे घेऊन ‘जॉब सपोर्ट’ विकतात, म्हणजे तुझं काम रात्री दुसराच करतो. शिकायची पहिली दोन वर्षं अशी भीतीत जातात. हे नुकसान कुठल्याच पत्राने भरून निघत नाही.

आता खरं कसं मांडायचं ते बघू. प्रामाणिक बायोडाटा म्हणजे सगळं उघडं करणं नव्हे. तुझा कमी गुणांचा विषय किंवा कुठे नकार मिळाला, हे कोणी विचारल्याशिवाय लिहायची गरज नाही. फॉर्मवर थेट प्रश्न असला, तर मात्र उत्तर खरंच हवं. तारखा महिन्यासकट लिही. ‘२०२३ ते २०२४’ असं मोघम लिहून आठ महिन्यांचं वर्ष करू नकोस. मेडिकलचं काम लपवू नकोस, पण त्याला ‘आयटी एक्झिक्युटिव्ह’ही म्हणू नकोस. असं लिही : ‘औषध दुकानात आठ महिने संगणकावर बिलिंग आणि स्टॉकच्या नोंदी, मुदत संपत आलेल्या औषधांची दर आठवड्याला यादी.’ हे शेवटचं खरोखर करत असशील तरच. टेस्टरची नजर असल्या कामातूनच दिसते.

मग दाखवण्याजोगं काम तयार कर. सरावासाठीच बनवलेल्या डेमो साइट्स असतात, त्यांतली एक घे. दुसऱ्याची चालू साइट परवानगीशिवाय तपासू नकोस. दहा-बारा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, शोध आणि प्रत्येकाचा रिपोर्ट लिही : शीर्षक, कोणता ब्राउझर, एकेक पायरी, काय व्हायला हवं होतं, काय झालं, स्क्रीनशॉट, गंभीरता. मुलं बहुतेक पायऱ्यांत चुकतात. ‘लॉगिन चालत नाही’ लिहून मोकळे होतात. ‘पासवर्डच्या शेवटी एक स्पेस दिली की पान कोरं दिसतं’ असं लिहिलंस, तर समोरच्याला बग तिथल्या तिथे करून बघता येतो. मुलाखतीत गॅपबद्दल विचारलं तर तीन वाक्यं बास : आठ महिने दुकानात काम केलं, मग टेस्टिंग शिकलो, आणि हे माझे रिपोर्ट. एवढं सांगून कागद पुढे कर आणि थांब. लांबलचक खुलासा दिला की प्रश्न वाढतात.

सोबत नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीमच्या (पदवीधरांना कंपनीत काम शिकायला देणाऱ्या सरकारी योजनेच्या) पोर्टलवर नाव नोंदव. पश्चिम विभागाचं कार्यालय आपल्या मुंबईतच, सायनला आहे. वर्षभर स्टायपेंड मिळतं आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र. पदवीनंतर वर्षभर किंवा त्याहून जास्त नोकरी केलेल्याला पदवीधर अप्रेंटिस म्हणून घेत नाहीत. तुझे आठ महिने त्यात बसतात. एजंटाची अडीच वर्षं तुझ्या नावावर चढली, तर हा सरळ रस्ताच बंद होईल.

बाबांना ‘हे पाप आहे’ असं सांगायला जाऊ नकोस. ते घाबरलेत, आणि मुलासाठी भिशी मोडायला निघालेत. त्या मायेचा मान ठेव. हेच मुद्दे कागदावर लिहून त्यांच्यासमोर बस. सहा महिन्यांची मुदत माग आणि त्या काळात लोकलचा पास व फीपुरते पैसे दुकानात अर्धवेळ काम करून मीच काढीन, असं सांग.

आणि एक काम आजच कर. एजंटाला आधार, पॅन किंवा जॉब पोर्टलचा पासवर्ड दिला असशील, तर आधी पासवर्ड बदल. मग त्याला लेखी मेसेज पाठव : ‘माझ्या नावाने कोणतंही पत्र बनवू नका, पीएफ भरू नका, माझा बायोडाटा कुठेही पाठवू नका.’ मेसेजचा स्क्रीनशॉट ठेव. तुझ्या नावाने यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, निघाला आहे का, ते उमंग अॅपवर बघ. निघाला असेल, तर महिना-दोन महिन्यांनी पासबुक तपासत जा. अनोळखी कंपनीची नोंद दिसली, तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर लगेच तक्रार टाक आणि तक्रार क्रमांक जपून ठेव.