“मॅडम, सिगरेट सोडली तर अटॅक वाढतील ना?”

अटॅक म्हणजे हार्टचा नाही, पॅनिकचा, अचानक येणाऱ्या जबरदस्त भीतीचा. मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता तो पहिल्याच भेटीत कधी येणार याची वाट बघते. म्हापशाचा दुकानदार, फोंड्याची कॉलेजातली मुलगी, शिपवर जाणारा मडगावचा मुलगा, सगळ्यांचं म्हणणं एकच. जीव घाबरा होतो म्हणून ओढतो, आणि सोडायचं नुसतं मनात आलं तरी जीव घाबरा होतो. म्हणून एकाची गोष्ट सांगते. त्याला विचारलंय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तिशीतला मुलगा, म्हापशाहून वेर्ण्याला कंपनीच्या बसने जाणारा. झुआरीचा पूल जवळ आला की छातीत धडधड, हाताला मुंग्या, आता आपलं काही खरं नाही असं वाटायचं. मग पुलाच्या अलीकडे आगशीला उतरायचा, एक सिगरेट ओढायचा, बरं वाटलं की मागून येणारी कदंबा बस पकडायचा आणि कंपनीत लेट मार्क खायचा. बांबोळीला दोनदा ईसीजी काढून झालेला, नॉर्मल. (हे आधी कराच. छातीत दुखतंय तर पहिला डॉक्टर, मग माझ्यासारखी माणसं.)

“एकच गोष्ट माझ्या कामी येते मॅडम, आणि तीच सोडायला सगळे मागे लागलेत.”

मी त्याला सोडायला सांगितलंच नाही. फक्त एक छोटी वही ठेवा म्हटलं. अटॅक कधी आला आणि त्याआधीची सिगरेट कधीची, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांनी वही समोर ठेवली आणि मलाच सगळं लख्ख दिसलं. वडील घरात म्हणून सकाळी घरी ओढायची नाही, म्हणजे शेवटची रात्री अकराला. सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा. आणि पूल येतो आठच्या आसपास. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, आणखी दोन तासांत त्याच्याही निम्मं, तर नऊ तासांनी काय उरणार. शरीर तलफेने कासावीस झालेलं, आणि निकोटिनची तलफ कशी असते बघा, अस्वस्थपणा, चिडचिड, कशात लक्ष न लागणं. म्हणजे घाबरल्यासारखीच!

“पण रविवारी दुपारी सासुरवाडीला मडगावला जातो तेव्हा तोच पूल, आणि काही होत नाही,” तो म्हणाला.

“दुपारपर्यंत किती ओढलेल्या असतात?”

“चार. मग सिगरेटने बरं वाटतं हेच झालं ना?”

“वाटतं की. पण कशाने बिघडलेलं बरं वाटतं?”

तो गप्प बसला, पण पटलं नव्हतं. नुसतं ऐकून कुणाला पटत नाही हा माझा अनुभव आहे.

मग जुलैतला एक दिवस. तो आला तो ऑफिसातल्या कटकटी सांगत, आणि बोलता बोलता म्हणाला, “मंगळवारी तर काय पाऊस, आगशीला उतरलो, गाडा बंद, खिशातली माचीस भिजलेली, नुसती सिगरेट तोंडात धरून उभा, आणि वर साहेबाचा फोन...”

“थांबा. अटॅक आलेला?”

“आलेला ना, म्हणून तर उतरलो.”

“आणि सिगरेट पेटलीच नाही?”

“नाही.”

“मग?”

“मग काय, उतरला तो. पुढची बस आली, चढलो.”

आणि तो परत साहेबावर गेला! मी त्याला परत तिथेच आणला. किती वेळ उभा होतात? दहा-बारा मिनिटं. आणि पेटवता तेव्हा किती वेळ लागतो? तो माझ्याकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, “तेवढाच.” बराच वेळ आम्ही दोघं काहीच बोललो नाही, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांच्या कामात मला असे क्षण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळालेत. तो ती गोष्ट रडगाणं म्हणून सांगत होता आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं, मी साहेबाच्या मागे गेले असते तर ते निसटलं असतं.

पॅनिकचा अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला जातो आणि मग आपोआप उतरायला लागतो, तुम्ही काही करा नाहीतर करू नका. आपण नेमकं त्याच वेळात सिगरेट पेटवतो आणि श्रेय तिला देतो. शिवाय ओढताना माणूस गर्दीतून बाजूला येतो, श्वास लांब आत घेतो, सावकाश सोडतो. ते सावकाश सोडणंच शांत करतं, धूर नाही. उलट निकोटिन उत्तेजक आहे, झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि हृदयाचे ठोके वाढवतं. ज्या धडधडीला तो घाबरत होता त्यात ते भरच घालतं.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करते, म्हणजे माणूस स्वतःशी जी वाक्यं बोलतो ती तपासून बदलायची, त्यामुळे मला या मुलाच्या एका वाक्यावर काम करायचंच होतं. “हे मला सहन होणार नाही.” माचीस भिजली त्या दिवशी त्याने ते सहन केलं होतं. त्रास झाला, खूप झाला, पण झाला सहन. हे वाक्य बदललं की बाकीचं सोपं जातं असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्यासाठी. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड, मग तीन-चार आठवडे कमी कमी होत जातं, या दिवसांत घाबरायला झालं म्हणजे “बघ, सिगरेटच बरी होती” असं नाही, ती तलफ आहे. चहा-कॉफी कमी करा, कारण धुरामुळे शरीर कॅफिन लवकर काढून टाकतं, धूर बंद झाला की तेवढाच चहा जास्त चढतो आणि धडधड होते, हे कुणी सांगतच नाही. निकोटिनची च्युइंगगम मिळते, पण कशी चघळायची ते डॉक्टरांना विचारून घ्या, भराभर चघळली तर मळमळतं. अटॅकची औषधं चालू असतील तर मनानेच बंद करू नका. घरच्यांनी खिसे तपासू नयेत, त्याने फक्त लपवणं वाढतं. आणि भीती घालवायला एक गोष्ट, २०१४ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २६ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, त्यात सोडलेल्यांची चिंता ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेली दिसली, वाढलेली नाही. समुपदेशकाकडे जाणं जमत नसेल तर पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर आहे, फुकट आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६.

त्याचं म्हणाल तर आगशीला उतरणं ऑगस्टमध्ये थांबलं, सिगरेट सुटायला मात्र दिवाळी उजाडली. मध्ये दोनदा ओढली, दोन्ही वेळा फोन करून सांगितलं, आणि मी दोन्ही वेळा एवढंच विचारलं की पेटवायच्या आधी किती मिनिटं थांबलात. पहिल्यांदा दोन, दुसऱ्यांदा सात.