सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांतला फरक लक्षात कसा ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, सध्या बँकेच्या परीक्षेची तयारी चालू आहे, आणि प्रिन्सिपल, स्टेशनरी, अफेक्ट-इफेक्ट असल्या जोड्या कितीही घोकल्या तरी पेपरात नेमकं उलटंच लिहिलं जातं. माझं रोजचं काम इंग्रजी मसुदे तपासण्याचं आहे. मला वाटतं, दोष तुमच्या पाठांतराचा नाही, जोड्यांच्या यादीचा आहे. दोन सारखे शब्द एकत्र पाठ केले की आठवतानाही ते एकत्रच येतात आणि मग कुठला कुठला ते कळेनासं होतं. यादी बाजूला ठेवा. जोडीतला एकच शब्द घ्या, तो खऱ्याखुऱ्या कागदावर कुठे सापडतो ते बघा, आणि तो अंगवळणी पडल्यावरच दुसऱ्याकडे वळा.

घरात कुणाचं कर्ज असेल तर हप्त्यांचं वेळापत्रक मागून घ्या. त्यात एक रकाना व्याजाचा असतो आणि एक प्रिन्सिपलचा, म्हणजे मुद्दलाचा. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त जातं, मुद्दल हळूहळू फिटतं. त्या रकान्याचं स्पेलिंग पी-ए-एलने संपतं. शब्दाचा गाभा 'मुख्य' असा आहे: मुख्य रक्कम ती मुद्दल, कॉलेजातली मुख्य व्यक्ती ती प्राचार्य. हे पक्कं झालं की पी-एल-ईने संपणाऱ्यासाठी 'तत्त्व' हा एकच अर्थ उरतो. शिवाय तो नेहमी नामच असतो. म्हणून वाक्यात 'मुख्य कारण' असं म्हणायचं असेल तर पी-ए-एल, दुसरा विचारच नको.

इफेक्टसाठी कुठलाही सरकारी आदेश घ्या. बदली असो वा पगारवाढ, 'विथ इफेक्ट फ्रॉम' अमुक तारीख असं असतंच, नाहीतर नुसतं डब्ल्यू-ई-एफ. इफेक्ट म्हणजे परिणाम, अफेक्ट म्हणजे परिणाम करणं. अवकाळी पावसाने पिकांना फटका बसला, तर पावसाने पिकांना अफेक्ट केलं आणि जे झालं तो इफेक्ट. एक अपवाद मात्र बँकेतच भेटेल: 'पेमेंट इफेक्ट करणे'. इथे इफेक्ट क्रियापद आहे आणि अर्थ आहे घडवून आणणं, पूर्ण करणं.

आणि मराठी माध्यमाचा न्यूनगंड तर अजिबात बाळगू नका. इंग्रज माणूस बोलतो तेव्हा या दोन्ही शब्दांतला पहिला स्वर इतका पुसट होतो की ऐकून फरक कळत नाही, म्हणून खुद्द इंग्रजही लिहिताना चुकतात. आपण 'अ' आणि 'इ' स्वच्छ उच्चारतो. शिवाय दिन आणि दीन, सुत आणि सूत यांत एका वेलांटी-उकाराने अर्थ पालटतो हे आपण शाळेतच शिकलोय. नजर तयार आहे, ती इंग्रजीकडे वळवायची एवढंच.

स्टेशनरीची गोष्ट मला फार आवडते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पुष्कळसे विक्रेते गावोगाव फिरून माल विकत. पुस्तकं विकणारे मात्र ठरलेल्या जागी दुकान मांडून बसत, म्हणून त्यांना 'स्टेशनर' म्हणू लागले. लंडनमध्ये त्यांचा संघ 1403 मध्ये स्थापन झाला आणि 1557 मध्ये त्याला राजाज्ञेने सनद मिळाली. म्हणजे वह्या-पेनांची स्टेशनरी आणि 'एका जागी स्थिर' हे विशेषण, दोघांचं मूळ एकच. फरक इतकाच की दुकानाच्या मालात स्टेशनरचा ई-आर शाबूत राहिला, आणि स्थिर असलेल्या गाडीसाठी ए-आर.

कॉम्प्लिमेंटचंही तसंच. ज्या दोन कोनांची बेरीज 90 अंश होते त्या कोटिकोनांना इंग्रजीत कॉम्प्लिमेंटरी म्हणतात, कारण एक कोन दुसऱ्याची उणीव भरून काढतो. तिथे एलनंतर ई, 'कम्प्लीट'मध्ये असतो तसाच. हॉटेलात फुकट मिळणाऱ्या नाश्त्याला आय, कौतुकाच्या शब्दांनाही आय.

अल्टरनेट म्हणजे एकाआड एक. नळाला पाणी दिवसाआड येतं ते 'अल्टरनेट डेज'. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी. अमेरिकेत पर्यायी रस्त्यालाही अल्टरनेट म्हणतात, पण आपल्याकडे हा भेद पाळलेला बरा. लायसन्स आणि प्रॅक्टिसमध्ये ब्रिटिश पद्धतीने नामाला सी, क्रियापदाला एस. शंका आली तर अ‍ॅडव्हाइस आणि अ‍ॅडव्हाइज म्हणून बघा, तिथे नियम कानालाच कळतो.

एका जोडीपासून जपा. पेट्रोलच्या टँकरवर मागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. सुरुवातीचा 'इन' पाहून कुणालाही वाटेल की हा फ्लेमेबलच्या उलट, म्हणजे न पेटणारा. पण हा 'इन' नकाराचा नाही, तो 'पेटवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातूनच आलेला आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारा. न पेटणाऱ्यासाठी 'नॉन-फ्लेमेबल' हा वेगळा शब्द आहे, त्यामुळे विरुद्धार्थी शब्द विचारला तर त्याच्यावर खूण करा.