आजोबांचा वस्तरा: किती घासायचा, किती कापायचा

गणपतीला चाकरमानी गावी आले की पोटमाळे उपसले जातात. यंदा त्यातून वस्तरे बरेच निघालेले दिसतात, पत्रांवरून तरी. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देतो.

पणजोबांच्या धोकटीत वस्तरा सापडला. पातं गंजलंय, त्यावर पुसट सोनेरी अक्षरं आहेत, दांडीवर ‘शेफिल्ड’ कोरलंय. आई म्हणते कोकमाने घास. गॅरेजवाला म्हणतो, बफवर दोन मिनिटांत आरसा करून देतो. कोणाचं ऐकू? (देवगड)

आईचं नको, आणि गॅरेजवाल्याचं तर मुळीच नको. कोकम, चिंच, लिंबू तांब्या-पितळेला ठीक. पोलादावरचा गंज आंबटाने जातो खरा, पण सोबत चांगलं पोलादही खाल्लं जातं आणि पातं करडं, खरबरीत पडतं. बफचा, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकाचा, धोका वेगळा. वस्तऱ्याची धार कागदाहून पातळ असते, घर्षणाने ती क्षणात तापते. साधारण २२० अंशांना पोलादावर गवती पिवळा रंग चढतो, ३०० च्या आसपास निळा. निळा दिसला की पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, उतरलं म्हणून समजा. मग कितीही परजा, धार टिकणार नाही.

शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ फडक्याने पुसा, उरलेल्या गंजावर धातूचं पॉलिश वापरा. फारच घट्ट असेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर बुचाच्या तुकड्याला गुंडाळून, पात्याच्या लांबीच्या दिशेने. सोनेरी अक्षरांच्या वाटेला जाऊ नका. तो मुलामा इतका नाजूक असतो की पॉलिशच्या चार हातांत साफ होतो, आणि पुन्हा चढवलेला मुलामा कळतोच. लाल गंज काढायचा. काळपट-करडा डाग बोटाला लागत नसेल तर राहू द्या. आरशासारखा चकचकीत जुना वस्तरा मला तरी केस काळे केलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो.

मग सोनाराचं भिंग घेऊन धार बघा. धारेलगतच्या दोन मिलिमीटरांत काळे खड्डे असतील तर निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, तिथलं पोलाद तुटत राहील. असा वस्तरा भिंतीवर शोभतो, गालावर नाही. आणि हो, शेफिल्ड हे इंग्लंडातलं पोलादाचं शहर. नुसतं ‘शेफिल्ड’ असून ‘इंग्लंड’ नसेल तर तो १८९० च्या आधीचा असू शकतो. त्या वर्षी अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, आणि निर्यात करणारे कारखाने ते कोरू लागले. खात्री नव्हे, अंदाज.

वस्तरा जर्मन आहे, मूठ पिवळट, हस्तिदंतासारखी. पातं स्वच्छ करून तेल लावलं तरी मुठीत मिटून ठेवलं की महिन्यात पुन्हा गंज. मुठीला कापरासारखा वास येतो. (रत्नागिरी)

तो हस्तिदंत नाही, सेल्युलॉइड आहे, आणि ते सडायला लागलंय. सेल्युलॉइड बनतं नायट्रोसेल्युलोज आणि कापरापासून. ते विघटित होताना आम्लधर्मी वाफ सुटते, आपल्या दमट हवेत ती आणखी बोचरी होते. पातं मुठीत मिटलेलं, म्हणजे रोज त्याच वाफेत. हा वस्तरा दुसऱ्या वस्तऱ्यांच्या डब्यात ठेवू नका, त्यांनाही तेच होईल. तापलेली सुई टोचून पारखण्याचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा; हे भडकन पेटतं.

इथे मूठ बदलणं हाच उपचार. रिव्हेट, म्हणजे मूठ आणि पातं जोडणारी खीळ, उचकटू नका, बारीक ड्रिलने डोकं काढा, नाहीतर पात्याच्या दांडीला ताण बसेल. नवी मूठ शिसवीची करा. खैराची नको: त्यातला कात दमटपणात लोखंडाला काळं करतो. सावंतवाडीच्या लाखकामाचा मोह होईल, पण आफ्टरशेव्हमधलं अल्कोहोल लाख विरघळवतं. रिव्हेटला दीड मिलिमीटरची पितळी तार, लहान हातोडी आणि भरपूर सबुरी. जोरात मारलंत तर लाकूड तडकेल.

धारेला मधोमध मोठा टवका आहे. ग्राइंडरवर पातं तेवढं कमी करून घेतलं तर? (वेंगुर्ला)

टवका केवढा आहे, त्यावर. अर्धा मिलिमीटर असेल तर हजार नंबरच्या निसण्यावर पाणी घेत हाताने निघतो. मग चार हजार, आठ हजार, शेवटी चामड्याचा पट्टा. ग्राइंडरचं कामच नाही.

मोठा असेल तर अडचण भूमितीची आहे. वस्तरा निसण्यावर आडवा ठेवतो तेव्हा पाठ आणि धार दोन्ही टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून धारेचा कोन ठरवतात. पातं १६ मिलिमीटर रुंद, पाठ साडेचार, तर कोन साधारण १६ अंश. तीन मिलिमीटर कापलंत की तो २० वर जातो. दाढी होईल, पण ओढत. मग लोक कोन जुळवायला पाठही घासतात आणि जुन्या वस्तऱ्याची वाट लागते. वजा केलेलं पोलाद परत येत नाही. टवका टोकाला असता तर मी टोक गोल करा म्हटलं असतं. नवशिक्याला गोल टोक बरंही, कानाची पाळी वाचते.

मूठ खरोखरच हस्तिदंताची निघाली तर विकता येईल? (अलिबाग)

नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. जाहिरातही टाकू नका.

सलूनात आजोबांच्या वस्तऱ्याने ‘जुन्या पद्धतीची दाढी’ म्हणून वेगळा रेट लावावा म्हणतो. (चिपळूण)

गिऱ्हाइकावर नको. कावीळ-बी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. दर वेळी निर्जंतुक करू म्हणाल, तर जुनी शिंगाची मूठ उकळली की वाकते, जंतुनाशकात बुडवली की फुगते. गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेडच. आजोबांचा वस्तरा स्वतःच्या दाढीला वापरा. वापर झाला की कोरडा पुसून तेलाचा हलका हात द्या. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. सिलिका जेलची पुडी घातलेला घट्ट झाकणाचा डबा बरा. आणि खंडेनवमीला पूजेत मांडलात तर हळद-कुंकू मुठीला लावा. ओलं कुंकू पात्यावर राहिलं की दसऱ्याला तिथे गंज दिसतो.