जुन्या डिझेल इंजिनाच्या प्रवासी गाड्यांची इतकी ओढ का वाटते? नाशिकजवळ अशी गाडी अजून कुठे मिळेल?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग सोपा, म्हणून तो आधी. वघईला जा. सापुताऱ्याचा घाट उतरून पुढे गेलं की गुजरातच्या डांग जिल्ह्यातलं हे गाव लागतं. तिथून बिलीमोऱ्याला नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांवरची, गाडी जाते आणि ती डिझेलवर चालते.

ओढीचं म्हणाल तर नाशिककरांचं प्रकरण जरा गमतीचं आहे. डिझेल आपल्या नाशिकरोडचं कधी नव्हतंच. कसारा घाटात १९३० च्या सुमारासच वीज आली आणि इगतपुरीपासून पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस तारा टाकल्या गेल्या. त्यामुळे माझ्या पिढीला डिझेल नीट बघायचं तर मनमाड गाठावं लागे. मराठवाड्याकडे जाणाऱ्या कित्येक गाड्यांचं विजेचं इंजिन तिथे सुटायचं आणि डिझेल लागायचं. काही गाड्या मुंबईपासूनच डिझेलवर यायच्या, तारांखालून धूर सोडत. आजोळ औरंगाबादला असल्याने मला हा तमाशा फुकटात बघायला मिळे. इंजिन बदलेपर्यंत घरचे चहा प्यायचे, मी फलाटाच्या टोकाला.

आणि ते इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. आराखडा अमेरिकेच्या अल्को कंपनीचा. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिकडून आली, मग १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. उभं असतानाही ते गप्प बसत नसे, दम लागलेल्या पैलवानासारखं धापत राहायचं. सुटताना जो काळा लोट उठायचा त्याचंही कारण आहे. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरला वेग धरायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं इंधन काजळी होऊन बाहेर पडतं. म्हणजे आम्ही ज्याच्यावर लुब्ध होतो तो खरं तर इंजिनाचा दोष! नंतर आलेली डब्ल्यूडीपी-४ ताकदीने कितीतरी मोठी, ४,००० अश्वशक्तीची, पण तिचं टू-स्ट्रोक इंजिन एकसुरी घुमतं. डिझेल म्हणून दोन्ही सारखीच मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, विषय बदलतो.

ते मनमाडही आता राहिलं नाही. अंकाईकडे, म्हणजे मराठवाड्याच्या बाजूला, जाणाऱ्या मार्गावरही तारा आल्या आणि ३० डिसेंबर २०२३ ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली. मला याचं दुःख नाही, खरंच नाही. फलाटावर उभ्या असलेल्या लेकुरवाळ्या बाईच्या तोंडावर तो धूर यायचा तेव्हा तिला काही कविता सुचत नसणार.

म्हणून वघई. ही गाडी बडोदा संस्थानाची देणगी, साधारण १९१३ पासूनची. डांगातलं सागवान खाली आणायला ती टाकली. बडोद्याचे महाराज म्हणजे तिसरे सयाजीराव, आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात जन्मलेले. तेव्हा थोडा हक्क आपलाही सांगायला हरकत नाही. रुळांमधलं अंतर अडीच फूट, मार्ग ६३ किलोमीटरचा आणि वेळ तीन तासांच्या आसपास. नव्वदच्या दशकात वाफेची इंजिनं गेली आणि छोटी डिझेलं आली. अल्कोचा धापणारा आवाज इथे मिळणार नाही, हे आधीच सांगतो. पण अनावल, उनाई, डुंगरडा अशी स्टेशनं घेत गाडी जंगलात शिरते तेव्हा इंजिनाचा आवाज शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचतो, कारण गाडीच मुळात चार-पाच डब्यांची.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली. नंतर कायमची बंद करायचं ठरलं, लोकांनी विरोध केला आणि ४ सप्टेंबर २०२१ ला ती पुन्हा धावली, या वेळी मोठ्या काचांचा एक वातानुकूलित डबा घेऊन. तुम्ही मात्र साध्या डब्यात बसा, जमल्यास इंजिनाच्या लगतच्या. काचेआड बसून डिझेलची गाडी ऐकायची म्हणजे मिसळ मागवून रस्सा नको म्हणण्यातला प्रकार.

नाशिकहून वणी, सापुतारा करत वघई साधारण १३० किलोमीटर पडतं. सुरतेच्या एसटीने जाता येतं, पण गाडीची वेळ साधायची तर स्वतःचं वाहन बरं. एकाने वघईहून गाडीत बसावं आणि दुसऱ्याने वाहन घेऊन उनाईला यावं, हा मार्ग मला सर्वांत सोयीचा वाटतो. उनाईला गरम पाण्याचे झरेही आहेत. पावसाळ्यात डांग सर्वांत सुंदर, पण तेव्हाच गाडी रद्द व्हायची शक्यताही जास्त, म्हणून निघण्याआधी एनटीईएसवर, म्हणजे गाड्यांची स्थिती सांगणाऱ्या रेल्वेच्या सेवेवर, नक्की बघा. एवढं करून हुकलीच, तर गिरा धबधबा वघईच्या अगदी जवळ आहे.