आधी हल्ला सिद्ध कर, मग क्रौर्याबद्दल लिही

प्रिय मित्रा,

मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा अभ्यास करायचाय, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. न्यूरेंबर्गपासून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यांपासून, नको. तो इतिहास मोठा आहे, ओढ लावणारा आहे, पण त्यात शिरलेली मुलं पुष्कळदा वर्षभर कायद्यापर्यंत पोहोचतच नाहीत. रोम स्टॅट्यूटचं, म्हणजे हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारावर उभं आहे त्याचं, कलम ७ उघड. ते जेमतेम दोन पानांचं आहे. सोबत ‘एलिमेंट्स ऑफ क्राइम्स’ हा, प्रत्येक गुन्ह्यासाठी काय काय सिद्ध करावं लागतं ते सांगणारा दस्तऐवज ठेव. दोन्ही त्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

वहीत तीन रकाने आख. पहिल्यात संदर्भ: नागरी लोकसंख्येवर हल्ला झाला का, तो व्यापक किंवा पद्धतशीर होता का, त्यामागे राज्याचं किंवा संघटनेचं धोरण होतं का. दुसऱ्यात प्रत्यक्ष कृत्य: खून, हद्दपारी, छळ, बलात्कार, सक्तीने बेपत्ता करणं, असे एकूण ११ प्रकार कलमात आहेत. तिसऱ्यात आरोपी: त्याला हल्ल्याची जाणीव होती का आणि कृत्याशी त्याचा दुवा काय. यासाठी कलम २५, २८ आणि ३० वाचावं लागेल.

विद्यार्थ्यांच्या निबंधांत दुसरा रकाना ओसंडून वाहतो आणि पहिला-तिसरा कोरा असतो. अत्याचाराचं वर्णन कितीही अंगावर येणारं असो, एकटा खून हा खूनच राहतो. तो हल्ल्याचा भाग होता हे दाखवल्यावरच तो मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरतो. दुसरी चूक ‘व्यापक किंवा पद्धतशीर’ मधल्या ‘किंवा’ची, घाईत तो ‘आणि’ असा वाचला जातो. तिसरी जास्त महागात पडते. पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने कुनारात्स खटल्याच्या अपिलात, २००२ साली, धोरण सिद्ध करणं आवश्यक नाही असं म्हटलं. कलम ७ मध्ये मात्र धोरणाची अट स्पष्ट लिहिलेली आहे. दोन न्यायालयांची अवतरणं एकाच परिच्छेदात मिसळलीस तर युक्तिवाद तिथेच कोसळतो.

मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. आपली वर्तमानपत्रं कुठल्याही मोठ्या हत्याकांडाला ‘नरसंहार’ म्हणतात. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारातला ‘जेनोसाइड’ हा गुन्हा त्याहून अरुंद आहे: राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, गट म्हणून, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू लागतो. त्यासाठी ‘वंशसंहार’ हा शब्द घे आणि शेवटपर्यंत तोच वापर. मृतांचा आकडा मोठा आहे म्हणून गुन्हा वंशसंहार होत नाही, आणि वंशसंहार नाही म्हणून तो हलका ठरत नाही.

पहिला खटला म्हणून काँगोतला बंडखोर नेता बेम्बा याच्यावर हेगच्या न्यायालयात चाललेला खटला घे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात २००२-०३ मध्ये त्याच्या सैनिकांनी केलेल्या खून, बलात्कार आणि लुटीबद्दल मार्च २०१६ मध्ये तो कमांडर म्हणून दोषी ठरला, १८ वर्षांची शिक्षा झाली. ८ जून २०१८ रोजी अपिलात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्दोष सुटला. आधी अपिलाचा निकाल वाच, मग भिन्नमत, आणि मूळ निकाल सर्वांत शेवटी. बहुमताने दोन गोष्टींवर बोट ठेवलं. बऱ्याच घटना आरोपांच्या चौकटीबाहेरच्या होत्या. आणि परदेशात लढणाऱ्या सैन्याला दुरून आवरताना कमांडरवर ज्या मर्यादा येतात, त्यांचा विचार खालच्या पीठाने नीट केला नव्हता. गुन्हे घडलेच नाहीत असं बहुमत म्हणत नाही. तिसरा रकाना ढासळला. पीडितांना हे सांगणं किती अवघड असेल याचा विचार वाचताना मनात असू दे. टिपण काढताना पान क्रमांक लिहू नकोस, परिच्छेद क्रमांक लिही. संदर्भ त्यानेच देतात. दस्तऐवज क्रमांकाच्या शेवटी ‘रेड’ दिसलं तर काही मजकूर झाकलेली ती प्रत आहे, हे ध्यानात ठेव.

आता आपल्याकडचं. भारत रोम स्टॅट्यूटचा सदस्य नाही. तो स्वीकारण्यासाठी १७ जुलै १९९८ ला झालेल्या मतदानात आपण तटस्थ राहिलो. वंशसंहाराचा करार आपण १९५९ मध्ये मान्य केला, पण देशांतर्गत कायद्यात ना तो गुन्हा आला, ना मानवतेविरुद्धचे गुन्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाहीत. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या सज्जन कुमार खटल्याच्या १७ डिसेंबर २०१८ च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने ही पोकळी तातडीने भरायला हवी असं म्हटलं, आणि सामूहिक हत्यांच्या त्याच त्या नमुन्याची यादी देताना १९९३ च्या मुंबईचा उल्लेख केला. तो भाग वाच आणि मग १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा १९९८ चा अहवाल घे. आयोग आणि खटला यांतला फरक तुला या शहराच्याच कागदांवरून शिकता येईल. चौकशी आयोग कायदा, १९५२ च्या कलम ६ नुसार, आयोगापुढे दिलेलं निवेदन त्या व्यक्तीविरुद्ध वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीच्या खटल्याचा. म्हणजे अहवालात नाव आलं तरी पुरावा नव्याने उभा करावा लागतो.

या अहवालानंतर पीडित कुटुंबांना भेटायची इच्छा होईल. विद्यार्थी असताना मुलाखती घेऊ नकोस. माणूस तीच गोष्ट चौथ्यांदा सांगतो तेव्हा तपशील थोडे हलतात, आणि तुझं रेकॉर्डिंग पुढे उलटतपासणीत त्याच्याच विरुद्ध वापरलं जाऊ शकतं. जखम उघडी पडते ती वेगळीच. व्हिडिओ जमवत असशील तर मूळ फाइल, दुवा, उतरवल्याची तारीख-वेळ आणि हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लगेच नोंदव. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत आकसलेली असते, तिच्यातली मूळ माहिती बहुधा गेलेली असते. इंटरनेटवरची डिजिटल माहिती तपासासाठी कशी जमवावी, याचे नियम सांगणारा बर्कली प्रोटोकॉल यासाठीच आहे.

परदेशातल्या एलएलएमची, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीची, घाई नको. आधी निदान दोन वर्षं फोर्टच्या सेशन्स कोर्टात फौजदारी वकिलाच्या हाताखाली काढ. पंच फुटल्यावर पंचनाम्याचं काय होतं, आरोपपत्रातल्या एका चुकीच्या तारखेने काय बिघडतं, हे तिथे रोज दिसतं. बेम्बाचा निकाल मग वेगळाच वाचला जातो. संध्याकाळी फ्रेंच शीक. हेगच्या न्यायालयाचं कामकाज इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं, आणि आफ्रिकेतल्या कितीतरी खटल्यांचे मूळ कागद फ्रेंचमध्येच असतात.

महिनाभरात बेम्बाच्या अपिलावर तीन रकान्यांचं टिपण पाठव. दोन पानं पुरेत. पहिल्या रकान्यात प्रत्येक वाक्यापुढे परिच्छेद क्रमांक हवा. नसेल तर ते वाक्य खोडूनच पाठव.

कळावे.